शर्यतीची जुनी सायकल आणि खारी हवा



शर्यतीसाठीं घडविलेली एखादी जुनी सायकल घरच्या घरीं दुरुस्त करून पुन्हां रस्त्यावर कशी आणावी, याविषयीं आज कांहीं माहिती सांगावयाची आहे. या विषयावर इंग्लंडांत व इटलींत विपुल लिहिलें गेलें आहे. तें वाचून काम करणारा मनुष्य पुण्यासारख्या त्यामानानें कोरड्या गांवीं बहुधा यशस्वी होतो. पुण्यास तर ही हौस इतकी मुरलेली आहे, कीं कर्वेनगरांत विक्रम पेंडसे यांनीं जमविलेल्या जुन्या सायकलींचें एक स्वतंत्र संग्रहालयच उभें आहे. परंतु तीच पुस्तकी रीत पेण किंवा रोहा येथें जशीच्या तशी उचलली, तर दोन-तीन पावसाळ्यांत सर्व मेहनत वायां जाण्याचा संभव फार. रायगड जिल्ह्यांत पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या वर पडतो, हें एक कारण आहेच. पण पावसापेक्षांही पोलादाला अधिक खाणारा पदार्थ आमच्या हवेंत आहे. तो म्हणजे मीठ.

प्रथम शर्यतीची सायकल कशाला म्हणावें, तें पाहूं. हँडल खालीं वळलेलें असलें म्हणजे सायकल शर्यतीची झाली, असें नाहीं. दूधवाल्याची किंवा पोस्टमनची काळी सायकल वजनाला वीस किलोच्या आसपास भरते. रस्त्यावरील शर्यतीची जुनी पोलादी सायकल दहा-अकरा किलोंत बसते. हा फरक मुख्यतः नळ्यांमुळें पडतो. बर्मिंगहॅम येथें खिळे बनविणाऱ्या रेनल्ड्स घराण्यांतील आल्फ्रेड रेनल्ड्स यानें १८९७ सालीं एका विशेष नळीचें पेटंट घेतलें. तिची भिंत दोन्ही टोकांस जाड व मध्यें पातळ असते. बाहेरचा व्यास सर्वत्र सारखा, त्यामुळें डोळ्यांस कांहींच कळत नाहीं. सांध्यांजवळ जेथें ताण पडतो तेथें धातु अधिक, आणि जेथें गरज नाहीं तेथें कमी. पुढें १९३५ सालीं त्याच कंपनीनें मँगेनीज व मॉलिब्डेनम यांचा अंश असलेल्या पोलादाची ‘५३१’ नांवाची नळी काढली, आणि कित्येक वर्षें युरोपांतील मोठमोठ्या शर्यती या नळ्यांच्या सायकलींनीं गाजविल्या. या नळीची भिंत मध्यभागीं अर्धा ते सहा-दशांश मिलिमीटर एवढीच असते. काळ्या सायकलीच्या जाड नळीवर वर्षानुवर्षें गंज चढला तरी ती तग धरते. येथें नखाच्या जाडीइतकें पोलाद गेलें, कीं खालीं कांहीं उरतच नाहीं.

आतां मिठाकडे वळूं. पेणच्या खारेपाटांत पिढ्यान्‌पिढ्या मिठागरें चालत आलीं. धरमतरची खाडी पेणपासून जवळ, आणि रोह्याची कुंडलिका रेवदंड्याच्या खाडीनें समुद्राला मिळते. मिठागराचें खडेमीठ ज्यांच्या घरीं येतें, त्या गृहिणींना ठाऊक आहे, कीं आषाढ लागला म्हणजे बरणीच्या तळाशीं पाणी सुटतें. हा दोष शुद्ध मिठाचा फारसा नाहीं. हवेंतील आर्द्रता शेंकडा पंचाहत्तरांच्या वर गेल्याशिवाय शुद्ध मीठ पाझरत नाहीं. परंतु समुद्राच्या मिठांत मॅग्नेशियम क्लोराइड मिसळलेलें असतें, आणि तें शेंकडा तेहतीस-चौतीस आर्द्रतेलाच हवेंतलें पाणी ओढूं लागतें. कोंकणांत इतकी आर्द्रता बहुतेक बारा महिने असतेच. हे क्षार खाऱ्या वाऱ्याबरोबर येऊन सायकलीच्या सांध्यांत, रंगाच्या बारीक भेगांत आणि खोगिराच्या नळीच्या तोंडाशीं बसतात, व तेथें ओलाव्याचा एक थर कायम धरून ठेवतात. आणखी एक गोष्ट अशी, कीं क्लोराइड गंज चढवितांना स्वतः खर्ची पडत नाहीं. लोखंड गंजविल्यावर तें पुन्हां मोकळें होतें आणि पुढच्या थरास लागतें. म्हणून क्षार आंत ठेवून वरून तेल चोपडणें किंवा रंग देणें म्हणजे ओल उतरलेल्या भिंतीला गिलावा करण्यासारखें आहे. वरून सर्व चकचकीत दिसतें. आंत नळी झिजत राहते, आणि ती तुटते तेव्हां सायकल उभी नसते, उतारावर धांवत असते.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे कामाचा क्रम ठरतो. आधीं धुणें, मग वाळविणें, मग तेल. रंगाचा विचार अगदीं शेवटीं. आमच्याकडे बहुधा याच्या उलट होतें. हौशी मनुष्य पहिल्याच आठवड्यांत रंगाचा डबा घेऊन येतो.

पण कामास लागण्यापूर्वीं सायकल त्या योग्यतेची आहे कीं नाहीं, याची परीक्षा करावी. पेडलांचा आंस ज्या आडव्या नळींत बसतो, तिला कारागीर बी.बी. म्हणतात. हा फ्रेमचा सर्वांत खालचा भाग असल्यामुळें वरचें सर्व पाणी तेथें उतरतें. सायकल उलटी करून त्या नळीवर, आणि तेथून मागच्या चाकाकडे गेलेल्या दोन बारीक नळ्यांच्या बुडाशीं, चांभाराच्या आरीनें जोरानें टोंचून पाहावें. आरी आंत गेली, तर ती सायकल दिवाणखान्याच्या भिंतीवर शोभेल. तिच्यावर बसूं नये. दुसरी परीक्षा दोऱ्याची. मागचें चाक काढून, त्याचा आंस ज्या खांचांत बसतो त्यांपैकीं एकीस दोरा बांधावा, तो पुढें हँडलच्या नळीला वळसा घालून परत आणावा व दुसऱ्या खांचेस ताणून बांधावा. मग खोगिराच्या उभ्या नळीपासून दोन्हीकडच्या दोऱ्याचें अंतर मोजावें. दोन-तीन मिलिमीटरांचा फरक दिसला, तर फ्रेम एका अंगास वळली आहे. तिसरी परीक्षा बोटांची आहे. हँडलच्या नळीला जी तिरकी नळी येऊन मिळते, तिच्या खालच्या अंगावरून बोट फिरवावें. तेथें रंगाला सुरकुती किंवा पोलादाला पोंचा लागला, तर ती सायकल केव्हां तरी समोरून आदळलेली आहे असें समजावें.

यानंतर सायकल कोणत्या देशाची, हें ठरवावें लागतें. तें निव्वळ कुतूहलासाठीं नाहीं. इंग्लिश, फ्रेंच आणि इटालियन कारखान्यांनीं आपापले आटे निरनिराळे ठेवले होते. आपल्या बाजारांतील काळी सायकल इंग्लिश वळणाची. म्हणून इंग्लिश शर्यतीच्या सायकलीला लागणारे छर्रे व कांहीं किरकोळ भाग पेणच्या किंवा रोह्याच्या दुकानांतही मिळून जातात. इंग्लिश बी.बी.चा आटा व्यासानें १.३७ इंच व इंचांत २४. इटालियन ३६ मिलिमीटर व इंचांत २४. जुना फ्रेंच ३५ मिलिमीटर, आणि दोन आट्यांमधील अंतर एक मिलिमीटर. इंग्लिश व फ्रेंच मापें इतकीं जवळ आहेत, कीं एकाची वाटी दुसऱ्यांत दोन फेरे सहज शिरते आणि मग अडते. अशा वेळीं पान्याला लांब नळी लावून ती पुढें दामटणारा कारागीर जागोजाग भेटतो. त्याच्या हातची ताकद खरी, पण फ्रेमचे आटे एकदां कापले गेले म्हणजे ते पुन्हां येत नाहींत. आणखी एक भेद लक्षांत ठेवावा. इंग्लिश सायकलीची उजवीकडची वाटी उलट आट्याची असते, म्हणजे घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें फिरविली असतां सुटते. इटालियन व बहुतेक जुन्या फ्रेंच सायकलींची सरळ आट्याची. डावें पेडल मात्र सर्वच देशांत उलट आट्याचें. गंजापेक्षां उलट्या दिशेला लावलेल्या जोरानें अधिक भाग फुटले असतील, असें माझें मत आहे.

खरी कसोटी लागते ती हँडलचा खुंटा आणि खोगिराचा दांडा बाहेर काढतांना. शर्यतीच्या सायकलींत हे दोन्ही भाग बहुधा ॲल्युमिनियमचे असतात व पोलादी नळींत बसतात. दोन भिन्न धातु आणि मध्यें खारें पाणी, म्हणजे ती एक लहानशी विजेची बॅटरीच झाली. तींत ॲल्युमिनियम झिजतो, त्याची पांढरी भुकटी होते, आणि ती मूळ धातूपेक्षां अधिक जागा व्यापीत असल्यानें दांडा जणूं सिमेंटांत चिणल्यासारखा घट्ट होतो. अशा वेळीं ज्योत लावण्याचा मोह होतो. तो आवरावा. उष्णतेनें ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतो, म्हणून दोन्ही एकत्र तापविले तर दांडा अधिकच आवळला जातो. शिवाय या पातळ नळ्यांचें बळ अति तापानें उणें होतें. उपाय याच्या उलट आहे. सांध्याशीं पातळ तेल सोडून दोन-तीन दिवस तें झिरपूं द्यावें, आणि मग दांडा बर्फानें गार करावा. बर्फ आमच्याकडे मासळीबाजारांत हवा तितका मिळतो, पण तो जाड पिशवींत बांधून लावावा, नाहीं तर मासळीचें खारें पाणी पुन्हां त्याच सांध्यांत जावयाचें. पोलादापेक्षां दांडा अधिक आकसला, कीं तो डावीकडे-उजवीकडे थोडथोडा पिळीत सोडवितां येतो. हँडलचा खुंटा काढतांना वरचा बोल्ट दोन-तीन फेरे सैल करून त्यावर लांकूड ठेवावें व हातोडीनें एक ठोका द्यावा. म्हणजे आंतली पाचर सुटते.

सर्व भाग सुटे झाले म्हणजे धुण्याचें काम. तें गोड्या पाण्यानेंच झालें पाहिजे. खारेपाटांतील कांहीं विहिरींचें पाणी मचूळ असतें, तें येथें उपयोगाचें नाहीं. आषाढ-श्रावणांत पावसानें कौलें चांगलीं धुऊन निघाल्यावर पागोळ्यांचें पाणी पिंपांत साठवून ठेवलें, तर त्याहून उत्तम पाणी दुसरें नाहीं. कोमट पाण्यांत सौम्य साबण मिसळून फ्रेमच्या आंत व बाहेर तें खेळवावें, बाटल्या धुण्याच्या लांब कुंचल्यानें नळ्या आंतून घासाव्यात, आणि स्वच्छ पाणी तीन-चार वेळां बदलावें. क्षार डोळ्यांस दिसत नाहींत, म्हणून एका धुण्यावर समाधान मानूं नये. हें काम दसऱ्यानंतरच्या कडक उन्हांत सकाळीं काढावें, म्हणजे सायंकाळपर्यंत फ्रेम आंतून खडखडीत वाळते.

उरलेला गंज आम्लानें निघतो. आमच्याकडे तांब्यापितळेचीं भांडीं चिंचेनें व आमसुलानें उजळतात, म्हणून सायकलीलाही तेंच लावावें असें कोणाच्याही मनांत येईल. पण कोंकणांत साठवणीच्या चिंचेच्या गोळ्यांना मीठ लावलेलें असतें, आणि कोकमाच्या आगळांत तर तें भरपूर. ज्याला घालवावयाचें त्यालाच पुन्हां आंत बोलावल्यासारखें होईल. त्यापेक्षां वाण्याकडचें लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक आम्ल, दर लिटर पाण्यास सुमारे ५० ग्रॅम या प्रमाणांत घ्यावें. गंजलेले पोलादी भाग त्यांत कांहीं तास बुडवून मधून मधून ब्रशानें घासावेत, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यांत बुडवून आम्ल मारावें, गरम पाण्यानें धुवावेत व तत्काळ वाळवून तेल लावावें. स्प्रिंगा आणि फार कठीण केलेले भाग आम्लांत फार वेळ ठेवूं नयेत. त्यामुळें असें पोलाद ठिसूळ होण्याचें भय असतें. ॲल्युमिनियमच्या भागांना कॉस्टिक सोड्याचा स्पर्शही होऊं देऊं नये, कारण तो त्यांना विरघळवितो.

नळ्यांच्या आंत, जेथें ब्रश पोंचत नाहीं, तेथें थोडा गंज राहणारच. त्याला टॅनिक आम्लाचें द्रावण पाजावें. गंजाशीं त्याचा संयोग होऊन एक काळा, स्थिर पदार्थ बनतो. सह्याद्रींतील हिरड्यांत हें द्रव्य विपुल असतें, आणि हिरडा व हिराकस यांची काळी शाई ज्यांनीं पाहिली असेल त्यांना ही क्रिया नवी वाटूं नये. तें वाळल्यावर उकळलेलें अळशीचें तेल, ज्याला रंगारी बेलतेल म्हणतात, नळ्यांत ओतून फ्रेम सर्व बाजूंनीं फिरवावी, जास्तीचें तेल गाळून टाकावें व ती आठवडाभर टांगून ठेवावी. तेलाचा पातळ पापुद्रा धरतो. येथें एक इशारा देणें अवश्य आहे. या तेलानें भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यांत टाकल्या, तर त्या आपोआप तापून पेट घेतात. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यांत बुडवून ठेवाव्यात.

आतां रंग. जुना रंग शक्य तोंवर खरवडूं नये, असा माझा आग्रह आहे. कारखान्याचा मूळ रंग, त्यावरील चिन्हें, नळ्यांच्या जातीचा कागदी छाप, हा त्या सायकलीचा जन्मदाखला आहे. तो एकदां पुसला, कीं सायकल नवी दिसते, पण ती कोणाची व केव्हांची हें सांगणारा साक्षीदार राहत नाहीं. जेथें पोलाद उघडें पडलें असेल तेवढ्याच ठिपक्यांवर गंजरोधक अस्तर व त्यावर जुळता इनॅमल रंग द्यावा. जुन्या इंग्लिश सायकलींच्या नळ्यांवर सोनेरी किंवा लाल रंगाच्या केसासारख्या रेघा ओढलेल्या असत. त्या तुटल्या असल्या, तर जोडण्यास स्थिर हात पाहिजे. आणि तसे हात पेणइतके क्वचितच दुसऱ्या गांवीं असतील. पेण शहर, हमरापूर, जोहे येथें गणेशमूर्तींचे कारखाने आहेत. मूर्तीचे डोळे रेखाटणें, ज्याला तेथें आखणी म्हणतात, हें सर्वांत जबाबदारीचें काम निवडक कारागिरांकडे असतें. बारीक कुंचल्याची एकच ओढ, तीही उंचवट्यावर, मध्यें न थांबतां. सायकलीच्या रेघेलाही याहून निराळें कांहीं लागत नाहीं. इनॅमल रंग मूर्तीच्या रंगापेक्षां संथ वाहतो, म्हणून कुंचला थोडा लांब केसांचा घ्यावा लागेल. मात्र हें काम घेऊन भाद्रपदापूर्वीं त्यांच्या दारीं जाऊं नये. तेव्हां त्यांना मान वर करण्यास फुरसत नसते, आणि त्या दमट हवेंत इनॅमल नीट वाळतही नाहीं.

फिरत्या भागांविषयीं थोडक्यांत सांगतों. आपल्या दुकानांच्या पाट्यांवर ‘ओव्हरऑइलिंग’ असा एक मजेदार शब्द आढळतो. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग, पण वरवर तेल सोडून काम संपविण्याची जी रीत पडली, तिला हा अपभ्रंशच अधिक शोभतो. जुने छर्रे पुन्हां घालूं नयेत. बी.बी.ला प्रत्येक बाजूस पाव इंची ११, मागच्या हबला प्रत्येक बाजूस पाव इंची ९ आणि पुढच्या हबला बहुधा तीन-सोळांश इंची १० छर्रे लागतात. कोनांवर खड्डे पडले असतील, तर तेही बदलावेत. ग्रीस भरपूर भरावें, आणि कोन असा कसावा कीं आंस सहज फिरेल पण हलणार नाहीं. चाकाचा आऊट काढण्याचें काम हौशी माणसानें घाईनें करूं नये. गंजलेल्या तारेच्या निपलास तेल पाजून एक दिवस थांबावें, आणि मग पाव-पाव फेऱ्यानें ताण द्यावा.

टायर घेतांना फार सावध असावें. दुकानांत ‘अठ्ठावीसचा’ म्हणून जो टायर मिळतो, तो काळ्या सायकलीचा २८ × १½. त्याची बैठक ६३५ मिलिमीटर व्यासाची. शर्यतीच्या सायकलीची रिम सत्तावीस इंची असेल तर बैठक ६३०, आणि सातशे-सी म्हणतात ती असेल तर ६२२ मिलिमीटर. पांच मिलिमीटरांचा फरक हातानें बसवितांना जाणवत नाहीं. पण ६३५ चा टायर ६३० च्या रिमवर सैल बसतो, आणि हवा पूर्ण भरल्यावर तो रिमवरून उडून ट्यूब फुटते. रिमला टायर धरणारी कड नसून वरून उथळ पन्हळ असेल, तर तेथें ट्यूब आंत शिवलेला टायर डिंकासारख्या द्रव्यानें चिकटवावा लागतो. तेथें साधा टायर चालतच नाहीं.

जुन्या वस्तूचा मोह कितीही असला, तरी तीन ठिकाणीं तो सोडावा. ब्रेकच्या तारा नव्या घालाव्यात, ब्रेकचे रबरी गट्टू नवे घालावेत, आणि ॲल्युमिनियमचें हँडल किंवा त्याचा खुंटा यांवर केसाएवढी चीर दिसली, तर तो भाग तत्क्षणीं बाद करावा. पोलाद बहुधा वांकून इशारा देतें. थकलेला ॲल्युमिनियम कांहीं न सांगतां तुटतो. मुंबई-पुणे सायकल शर्यत ज्या बोरघाटानें जाते, तो पेणहून खोपोलीमार्गें फार दूर नाहीं. त्या चढावर हलक्या नळ्यांचें सुख कळतें. पण तोच घाट उतरतांना सायकलस्वाराचा जीव एका तारेवर व दोन गट्टूंवर अवलंबून असतो. चाकाच्या रिमा क्रोम केलेल्या पोलादाच्या असतील, तर त्या ओल्या झाल्यावर ब्रेक फारच कमी धरतात. अशी सायकल पावसांत बाहेर काढूं नये.

पहिली फेरी सपाटीवर, गांवाच्या आसपास दोन-चार किलोमीटरांचीच असावी. घरीं येऊन प्रत्येक नट पुन्हां तपासावा, विशेषतः पेडलांचे व हँडलचे. असें दोन-तीनदां झाल्यावर पेणहून वडखळ, नागोठणें, सुकेळीची खिंड आणि कोलाडवरून रोह्यापर्यंत जाण्यास हरकत नाहीं. महामार्गावरील अवजड वाहनें पाहतां, ही सहल पहांटेच पुरी करावी हें बरें.

ज्येष्ठाचे ढग दिसूं लागले म्हणजे सायकल पुन्हां एकदां गोड्या पाण्यानें पुसून, वाळवून आंत घ्यावी. ती ओटीवर किंवा पडवींत ठेवूं नये. तेथें वारा थेट येतो. स्वयंपाकघराशेजारच्या, धगीनें कोरड्या राहणाऱ्या खोलींत आढ्याला टांगावी, म्हणजे टायरांवर भार येत नाहीं. चामड्याचें खोगीर काढून कपाटांत ठेवावें आणि पंधरा दिवसांनीं त्यावरची बुरशी कोरड्या फडक्यानें पुसावी. खोगिराचा दांडा बाहेर काढून त्याला नवें ग्रीस लावावें, पुन्हां बसवावा, आणि जेथें तो नळींत शिरतो त्या सांध्यावर जुन्या ट्यूबचा चार बोटें रुंद तुकडा मोज्यासारखा चढवून ठेवावा.